सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं गाव

तरंगंबाडीला वेस आहे. पांढऱ्या चुन्याची, जाड लाकडी दारांची. वर डेन्मार्कच्या राजाचं अक्षरचिन्ह आणि 1792 हे साल. रिक्षा, मोटारसायकली, शाळेला निघालेल्या पोरांच्या सायकली, सगळं या वेशीतूनच ये-जा करतं. आत शिरलं की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी बंगालचा उपसागर. न थांबता चाललं तर दहा-पंधरा मिनिटांत माणूस पाण्याशी पोचेल, एवढंच हे तटाआतलं गाव.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मयिलादुतुरै जिल्ह्यात, कारैकालच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटरवर ते वसलं आहे. जुन्या युरोपी नकाशांत त्याचं नाव ट्रँकेबार. 1620 ते 1845 अशी सव्वादोनशे वर्षं, मधली काही इंग्रजी ताब्याची वर्षं सोडली तर, इथं डेन्मार्कचा झेंडा होता. मराठी माणूस तंजावरला आवर्जून जातो. बृहदीश्वराचं देऊळ बघतो, त्याच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास मराठीत वाचून हरखतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो, कुंभकोणमला जातो आणि पुढं रामेश्वरची वाट धरतो. तंजावरहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या या गावाकडे त्याची गाडी सहसा वळत नाही. ती वळावी असं मला मनापासून वाटतं. आणि वळली तर वेशीबाहेर उभी करून गाव पायी बघावं, गावातलंच कुणीतरी सोबत घेऊन.

आमची गाइड इथल्याच कोळीवस्तीतली, तिशीच्या आसपासची. ती तमिळमध्ये बोलायची, साल आणि आकडे मात्र इंग्रजीत. माझ्याबरोबर तंजावरची एक मैत्रीण होती. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोललं जातं. गाइड सांगे ते ती मला मराठीत सांगत होती आणि अधूनमधून स्वतःचीही भर घालत होती. सकाळी सातच्या आधी निघायचं, हे गाइडनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. “नऊनंतर ऊन ऐकायला देत नाही, अक्का,” ती म्हणाली. ते खरं आहे. रस्त्यावर झाडं थोडी, पांढऱ्या भिंती जास्त; उशीर झाला की नुसती चकाकी सोसावी लागते.

वेशीपासून समुद्राकडे जाणारा हा किंग्ज स्ट्रीट. दोन्ही बाजूंना उंच खांबांचे ओटे, कौलारू छपरं, काही बंगले नीट दुरुस्त केलेले, काही तसेच कलंडलेले. थोडं चाललं की रस्त्यावर दोन चर्च लागतात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. झायन चर्च 1701 सालचं, ते डॅनिश अधिकारी आणि व्यापाऱ्यांचं. न्यू जेरुसलेम चर्च 1718 सालचं, ते मिशनचं, मुख्यतः तमिळ मंडळींसाठी बांधलेलं. देव एक, गाव एवढंसं, तरी प्रार्थनेच्या जागा वेगळ्या. गाइडनं यावर काही भाष्य केलं नाही. आधी आम्हाला एका दारापाशी उभं केलं, मग दुसऱ्या, आणि साल तेवढं सांगितलं. मला ते पुरेसं वाटलं.

न्यू जेरुसलेमच्या दर्शनी भिंतीवर राजा चौथ्या फ्रेडरिकचं चिन्ह आहे आणि आत बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्गची कबर. हे चर्च त्यानंच बांधवून घेतलं. त्याच्या आधीचं, 1707 चं पहिलं जेरुसलेम चर्च समुद्रानं गिळलं. हे दुसरं उभं राहिलं आणि चार-पाच महिन्यांत, 1719 च्या फेब्रुवारीत, तो गेला. वय छत्तीस.

या माणसापाशी थोडं थांबायला हवं, कारण गावाच्या सगळ्या वास्तूंपेक्षा त्याची गोष्ट मोठी आहे. त्सीगेनबाल्ग जर्मन होता. डेन्मार्कच्या राजाला आपल्या वसाहतीत धर्मप्रसारक पाठवायचे होते आणि माणसं मिळाली ती जर्मनीतल्या हाले गावच्या परंपरेतली. 9 जुलै 1706 रोजी तो आणि हाइनरिश प्लुचाउ इथं पोचले. डॅनिश व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते नकोच होते. व्यापार सुखानं चालला असताना धर्माची भानगड कशाला, असा त्यांचा हिशेब. पुढं त्सीगेनबाल्गचं गव्हर्नरशी इतकं बिनसलं की 1708-09 मध्ये त्याला समुद्राकाठच्या डॅनिश गडात सुमारे चार महिने डांबून ठेवलं होतं.

तो तमिळ शिकला ती गावच्या पंतोजींकडे, मुलांच्या रांगेत बसून, वाळूत बोटानं अक्षरं गिरवत. आपल्याकडे धूळपाटीवर मुळाक्षरं गिरवायचे, तसंच. मग तो ताडपत्रांच्या मागं लागला. पोथ्या विकत घेतल्या, उतरवून घेतल्या, त्यांची टिपणांसह यादी केली. 1707 मध्ये मुलींसाठी शाळा काढली. आणि 1713 मध्ये दक्षिण भारतातल्या देवदेवतांवर एक मोठा ग्रंथ जर्मनमध्ये लिहून हालेला पाठवला. कुठला देव कुणाचा, कुठल्या ग्रामदेवतेला काय वाहतात, लोक काय मागतात, हे सगळं तमिळ लोकांना विचारून त्यानं त्यात लिहिलं होतं. तिकडून निरोप आला की मूर्तिपूजा नाहीशी करायला तुम्हाला पाठवलं आहे, तिचा युरोपात प्रसार करायला नव्हे. हस्तलिखित पडून राहिलं. ते छापून निघालं 1867 मध्ये, मद्रासला. मधे दीडशेहून अधिक वर्षं गेली होती.

धर्मांतरासाठी आलेला हा माणूस होता, हे विसरून चालणार नाही. इथल्या लोकांचा देव खोटा आहे या ठाम समजुतीनंच तो जहाजातून उतरला. पण खोटं ठरवण्याआधी ते ऐकून घ्यावं, लिहून घ्यावं, एवढी सचोटी त्याच्यात होती, आणि ऐकताऐकता तो त्यात गुंतला. तीनशे वर्षांपूर्वीच्या या किनाऱ्यावर गावातले साधे लोक काय मानत होते हे आज कळतं, ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो आणि तो मी आखडून ठेवणार नाही.

त्याच्या राहत्या घराच्या जागी 2017 पासून एक संग्रहालय आहे, हालेच्या फ्रांके संस्थेच्या मदतीनं उभारलेलं. तिथं छापखान्याची गोष्ट समजते. लंडनच्या एका धर्मसंस्थेनं मिशनसाठी छपाईयंत्र, कागद आणि छपाईकार जहाजात बसवून धाडला. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडलं. छपाईकार वाटेतच वारला. यंत्र 1712 मध्ये पोचलं. तमिळ खिळे हालेमध्ये पाडून आले, पण ते इतके मोठे निघाले की त्या मापानं पुस्तक छापायचं तर कागदाचा डोंगर लागला असता. तेव्हा इथंच लहान खिळे ओतले. इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांचं शिसं त्यासाठी वितळवलं, असं मिशनच्या इतिहासात सांगतात. 1714-15 मध्ये बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून पुरा झाला. कागद परदेशातून आणणं परवडेना म्हणून गावाशेजारी कागदाची गिरणीसुद्धा काढून बघितली.

तमिळ छपाई यापूर्वीही झाली होती. पोर्तुगिजांनी 1578 मध्ये कोल्लमला तमिळ पुस्तक छापलं होतं आणि गोव्याला यंत्र त्याच्याही आधी, 1556 मध्ये आलं होतं. पण ती परंपरा मध्येच खुंटली. तरंगंबाडीची मात्र चालू राहिली. आणि इथं माझ्या मैत्रिणीनं, चर्चच्या कट्ट्यावर टेकून, मला थांबवलं. “आता आपलं सांग,” ती म्हणाली. म्हणजे मराठीचं.

मराठीचं सांगायचं तर थोडं पुढं चालून गव्हर्नरच्या बंगल्यासमोर जावं लागतं. 1784 सालचा हा बंगला, खांबांच्या लांबलचक ओसरीचा, अलीकडे डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयानं आणि तमिळनाडू सरकारनं मिळून पुन्हा उभा केला आहे. इथं राहून गेलेल्यांत पेटर आंकर नावाचा, मूळचा नॉर्वेचा, गव्हर्नर होता. त्यानं या गावाची, देवळांची, किनाऱ्याची जलरंगात चित्रं काढली. शेवटी 1845 मध्ये डेन्मार्कनं तरंगंबाडी इंग्रजांना विकली. एकट्या तरंगंबाडीचा तो सौदा नव्हता. कलकत्त्याजवळचं सेरामपूर म्हणजे श्रीरामपूर आणि बालासोरची वखारही त्यातच होती, सगळं मिळून साडेबारा लाख रुपये.

या सौद्यातल्या श्रीरामपुराला मराठी वाचकानं विसरू नये. इंग्रजी कंपनी आपल्या मुलखात धर्मप्रसारकांना थारा देत नव्हती, म्हणून विल्यम कॅरी आणि त्याचे सोबती 1800 च्या सुमारास डॅनिश झेंड्याखाली श्रीरामपुरात गेले. तिथं त्यांनी छापखाना घातला. तिथंच 1805 मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, त्यात देवनागरी खिळ्यांतली मराठी होती. त्याच साली मत्तयाचं शुभवर्तमानही मराठीत निघालं. 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश, त्यातली मराठी मोडी लिपीत. मराठी आधी छापली गेली नव्हती असं नाही. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापलं होतं, पण रोमन लिपीत. नागरीतली छापील मराठी उभी राहिली ती एका डॅनिश गावात, कॅरीला मराठी शिकवणाऱ्या पंडित वैजनाथांच्या हाताखाली. पुण्यामुंबईला तिचा पत्ताही नव्हता.

आणि दुसरा धागा सरळ याच रस्त्यावरून तंजावरला जातो. 1750 मध्ये क्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा तरुण मिशनरी तरंगंबाडीला उतरला. पुढं तो तिरुचिरापल्लीला आणि मग तंजावरला गेला. तिथल्या तुळजाराजांनी मरण्यापूर्वी आपला दत्तक मुलगा, लहानगा सरफोजी, त्याच्या हवाली केला. राज्यावरून भाऊबंदकी पेटली होती. श्वार्ट्झनं मुलाची बाजू लावून धरली, त्याला शिकायला मद्रासला धाडलं. 1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. ते इंग्रजी शिकले, निसर्गविज्ञानात रमले, तरंगंबाडीच्या योहान या विद्वान मिशनऱ्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. 1805 च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. तिथून 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे मुलांसाठीचं मराठी पुस्तक निघालं, इसापच्या गोष्टींचं. मिशनऱ्यांच्या नव्हे तर एका भारतीय राजाच्या छापखान्यातून निघालेलं हे मराठी पुस्तक आहे. बाळशास्त्र्यांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र मुंबईत सुरू झालं जानेवारी 1832 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तंजावरला सरफोजी वारले.

मराठी मुद्रणाचा इतिहास आपण मुंबईच्या दारातून आत येऊन वाचतो. दक्षिणेच्या दारातून क्वचित. मैत्रीण म्हणाली, “आमच्या घरी आजोबा हे सांगायचे, पण महाराष्ट्रातून येणारं कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, तुम्ही डोसा खाता का भाकरी.” ती हे रागानं नाही, सरळ म्हणाली. तिला मी काय उत्तर देणार.

बंगल्यासमोर मोकळं मैदान आणि त्यापलीकडे डान्सबोर्ग, डॅनिशांचा गड. सागराकडे तोंड केलेला, फिकट गुलाबी-पिवळसर रंगाचा, बुटका. खाली घुमटीदार खोल्यांची ओळ, त्यात माल, दारूगोळा आणि कैदी. वर गव्हर्नर आणि पाद्री यांची राहण्याची जागा. आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे: नाणी, तोफगोळे, चिनी मातीची फुटकी भांडी, काही नकाशे. संग्रहालय म्हणून ते फार काही नाही, अर्ध्या तासात बघून होतं. गच्चीवर मात्र जावं. तिथून एका नजरेत गाव, देऊळ, कोळीवाडा आणि पाणी दिसतं, आणि इथं वखार का घातली असेल तेही कळतं.

गोष्ट अशी: डेन्मार्कच्या राजाला, चौथ्या क्रिस्तियानला, पूर्वेच्या व्यापारात वाटा हवा होता. 1616 मध्ये कंपनी स्थापन झाली. 1618 मध्ये ओव्हे गेड्डे नावाच्या तरुण दर्यासारंगाबरोबर जहाजं सिंहलद्वीपाला निघाली. तिथं काही जमलं नाही. पण आगाऊ गेलेल्या एका जहाजावरचा माणूस, रोलांट क्राप्पे, पोर्तुगिजांच्या हल्ल्यातून वाचून तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारात पोचला होता. मिरी आणि कापड विकणाऱ्या राजाला पोर्तुगिजांशिवाय आणखी एक गिऱ्हाईक मिळत होतं. त्याला ते हवंच होतं. 1620 च्या नोव्हेंबरात करार झाला. वार्षिक खंड 3111 रुपये, त्या बदल्यात एक मच्छीमार गाव आणि किल्ला बांधायची परवानगी. नायकानं डेन्मार्कच्या राजाला पाठवलेलं पत्र सोन्याच्या पातळ पत्र्यावर कोरलेलं आहे. ते आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

पुढचा इतिहास त्या सोन्याला शोभणारा नाही. डेन्मार्क युरोपातल्या लढायांत अडकला आणि 1640 नंतर एकोणतीस वर्षं कोपनहेगनहून इकडे एकही जहाज निघालं नाही. माणसं तापानं मेली, पळून गेली. शेवटी एस्किल्ड आंद्रसन कोंग्सबाके नावाचा एक साधा माणूस उरला आणि तोच गव्हर्नर झाला. इथल्याच लोकांना हाताशी धरून, समुद्रात सापडेल त्या जहाजाला अडवून त्यानं वसाहत जगवली, जमिनीच्या बाजूनं तट घातला. 1669 मध्ये जहाज दिसलं तेव्हा झेंडा अजून गडावर होता. राजाच्या गव्हर्नरांपैकी कुणाचा पुतळा उभारायचा झालाच तर मी कोंग्सबाकेचा उभारीन.

तोवर तंजावरही बदलू लागलं होतं. नायकांनंतर 1676 च्या आसपास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिथं गादीवर बसले आणि डॅनिशांचा खंड मराठ्यांच्या खजिन्यात जाऊ लागला. 1699 मध्ये तंजावरच्या शाहजीराजांच्या फौजेनं या गावाला वेढा घातला. मद्रासहून इंग्रजांची मदत आली म्हणून गाव वाचलं. मी गच्चीवरून वेशीकडे बघत विचारलं, फौज कुठून आली असेल? गाइड हसून म्हणाली, “तुमची माणसं? त्या बाजूनं, भातशेतातून. बाकी वाट कुठं आहे?” पश्चिमेला आजही कावेरीच्या फाट्यांवरची भातखाचरंच आहेत.

गडापासून किनाऱ्यानं उत्तरेला निघालं की जुन्या बंगल्यात थाटलेलं एक देखणं हॉटेल लागतं आणि त्याला लागूनच मासिलामणी नाथराचं देऊळ. शंकराचं. पांड्य राजा मारवर्मन कुलशेखराच्या काळातलं, 1306 सालचं. म्हणजे डेन्मार्कच्या राजाला या किनाऱ्याची ओळख व्हायच्या तीनशे वर्षं आधी इथं बंदर होतं, व्यापारी होते, राजाकडून जमीन मिळालेला देव होता. समुद्रानं देवळाचा पुढचा भाग नेला. उरलेलं अलीकडे दुरुस्त करून रंगवलं आहे. समोर मोठाले काळे दगड टाकलेत, लाटा त्यांवर फुटतात. पूर्वी या बाजूला आणखी वस्ती होती. इथल्या जुन्या वर्णनांत आणि चित्रांत दिसणारी किती तरी जमीन आता पाण्याखाली आहे. किनारा धुपत आत येतो ही इथली रोजची गोष्ट आहे, आणि दगडांचे बांध एका जागी घातले की धूप शेजारच्या वाळूवर सरकते, हे कोळी लोक कुणाच्याही आधी सांगतात.

बहुतेक पर्यटकांची फेरी देवळापाशी संपते. फलकही इथवरच आहेत. आमची गाइड मात्र थांबली नाही. “आता माझं गाव,” ती म्हणाली.

देवळापलीकडे कुप्पम, म्हणजे कोळीवाडा. वाळूत फायबरच्या होड्या, निळ्या-हिरव्या जाळ्यांचे ढीग, एका बाजूला दोन-तीन जुनी कट्टुमरम, ओंडके दोरानं बांधून केलेली. नुकत्याच होड्या आल्या होत्या. तारली आणि बांगडे टोपल्यांत ओतून लिलाव चालला होता. बोली लावणाऱ्या बहुतेक बायका. बोलीचा आवाज चढत होता आणि आमच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या दिवसांत लहान होड्यांवरच घर चालतं, असं ती म्हणाली. वस्तीचे तंटे, जाळं कुणी कुठं टाकायचं, कुणाला काय मदत द्यायची, हे गावपंचायत ठरवते. ती सरकारी पंचायतीपेक्षा जुनी आणि अजून वजन असलेली.

26 डिसेंबर 2004 ला गाइड शाळकरी होती. रविवार होता. पाणी आधी ओढलं गेलं, पोरं वाळूवर उघडे पडलेले मासे वेचायला धावली, ही आठवण या किनाऱ्यावर अनेक जण सांगतात. तिनंही सांगितली आणि त्यापुढचं दोन वाक्यांत उरकलं. त्या वेळच्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली, राज्यातली सगळ्यात मोठी हानी तिथली. त्यात ही वस्तीही होती. तिचं आत्ताचं घर रस्त्यापलीकडच्या नव्या वसाहतीत आहे, मच्छीमारांच्या महासंघानं लोकांना विचारून, त्यांच्याशी बोलून बांधलेल्या घरांपैकी. किनाऱ्यापासून दूर राहायचं म्हणजे रात्री समुद्राचा आवाज बदललेला कळत नाही, आणि पहाटे होडी काढायला चालत यावं लागतं. तरी पोरांना तिथं ठेवून झोप लागते, असं तिची आई म्हणते.

सुनामीनंतर गावात पैसा आला, त्यात डेन्मार्कचाही होता. वारसा जतन करणाऱ्या इनटॅक संस्थेच्या पुदुच्चेरी शाखेनं सोनार गल्लीतली तमिळ घरं दुरुस्त केली: ओटा, मधला चौक, लाकडी खांब, चुन्याचा गिलावा. ते काम उत्तम आहे. जुनं घर पाडून सिमेंटचं बांधण्यापेक्षा दुरुस्त करणं स्वस्त पडू शकतं हे त्यांनी करून दाखवलं. पण गावभर फिरताना एक गोष्ट सारखी टोचत होती आणि कुप्पममध्ये ती स्पष्ट झाली. या गावाचं सगळं जतन झालं आहे ते लिहिलेल्याच्या आधारे. सोन्याचा पत्रा, कंपनीच्या वह्या, मिशनऱ्यांची पत्रं, आंकरची चित्रं. कुठला खांब मूळ कसा होता हे कोपनहेगनच्या कागदांत सापडतं, म्हणून तो तसाच पुन्हा उभा राहतो. ज्या मच्छीमार गावाच्या जमिनीवर हे सारं झालं, ज्यांनी छातीइतक्या पाण्यातून डॅनिश माल होड्यांनी किनाऱ्याला आणला, कोंग्सबाकेला जगवलं, त्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही. त्यामुळे त्यांचा फलक नाही, आणि त्यांच्या वस्तीत फेरी जात नाही. हा काही नुसता दुर्लक्षाचा प्रश्न नाही. किनाऱ्यावर उद्या आणखी हॉटेलं, आणखी बांध, आणखी पायवाटा येतील, तेव्हा ही वाळू कुणाची याचा पुरावा मागितला जाईल. सव्वादोनशे वर्षं राहिलेल्यांचा कागद तयार आहे. त्यांच्या आधीपासून असलेल्यांचा नाही.

म्हणूनच गाइड गावातली घ्या, हे मी पुन्हा सांगते. तमिळ येत नसेल तर मयिलादुतुरै किंवा तंजावरहून कुणाला सोबत आणा. मयिलादुतुरैला रेल्वे आहे, तिथून तासाभराचा बसप्रवास. पूर्वी तरंगंबाडीपर्यंत आगगाडी यायची, ती 1986 मध्ये बंद झाली. आदल्या रात्री मुक्काम करा, पहाटे निघा, दोन चर्च, संग्रहालय, गड आणि देऊळ मिळून अडीच-तीन तास पुरतात. लिलाव बघायचा असेल तर मात्र क्रम उलटा करा. वेशीपासून सुरुवात न करता कुप्पमपासून करा, म्हणजे बाकीचं गाव कुणाच्या जमिनीवर उभं आहे हे आधी कळेल. फोटो काढण्याआधी बायकांना विचारा. नाहीतर सौदा मोडतो.

चालणं संपल्यावर आम्ही गाइडच्या घरी चहा घेतला. तिनं कपाटातून शाळेची एक जाड वही काढली. कुप्पममधल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती लिहिते आहे: कट्टुमरमला कुठल्या झाडाचा ओंडका लागे, कुठल्या वाऱ्याला काय नाव, पाण्याखाली गेलेल्या गल्ल्यांत कुणाकुणाची घरं होती, 2004 मध्ये गेलेल्यांची नावं वस्तीच्या क्रमानं. मैत्रिणीनं काही पानं मला वाचून दाखवली. वहीची शंभर प्रतींची पुस्तिका करायची तर किती खर्च येईल, असं गाइडनं विचारलं. मैत्रिणीनं तिला कुंभकोणममधल्या एका छापखान्याचा नंबर दिला आणि स्वतः बोलायचं कबूल केलं. पुस्तिका आधी तमिळमध्ये काढायची आहे. इंग्रजी नंतर, पर्यटकांनी मागितली तर, असं गाइडनं ठरवलं आहे.